प्रथिनाची घडी

१८ मार्च
एम.एस्सी. भाग एकचा तास. फळ्यावर पीकेएचा नेहमीचा तक्ता लिहिला. ॲस्पार्टिक आम्ल ३.९, ग्लुटॅमिक आम्ल ४.२, हिस्टिडिन ६, लायसिन १०.५, आर्जिनिन १२.५. मुलं मान खाली घालून उतरवून घेत होती, कारण हा तक्ता परीक्षेला हमखास येतो. मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "मॅडम, हे आकडे पाण्यात सुट्या फिरणाऱ्या अमिनो आम्लाचे ना? मग ते प्रथिनात गुंफलं गेल्यावरही तेच राहतात कशावरून?"

राहत नाहीत, आणि खरा विषय तिथूनच सुरू होतो. पीकेए म्हणजे ज्या सामूला निम्म्या रेणूंनी आपला प्रोटॉन सोडलेला असतो तो सामू. आकडा जितका लहान, तितका प्रोटॉन सहज सुटतो. हे झालं पाण्यातलं. प्रथिनाची घडी पडली की तेच ॲस्पार्टिक आम्ल कुणाच्या शेजारी जाऊन बसतं, यावर सगळं ठरतं. शेजारी धनभाराचं लायसिन आलं, तर प्रोटॉन सोडून ऋणभार घेणं परवडतं आणि पीकेए खाली येतो. शेजारी दुसरं ऋणभाराचं आम्ल आलं, किंवा घडीच्या आत तेलकट भागात, पाण्यापासून दूर जागा मिळाली, तर ते प्रोटॉन सोडायला तयार होत नाही आणि पीकेए वर चढतो. तक्ता म्हणजे पत्रिका, संसार शेजारच्या अणूंशी करायचा असतो. वर्ग हसला. परीक्षेत मात्र पत्रिकाच विचारतात, याला माझा इलाज नाही.

१९ मार्च
आज तासभर एकच उदाहरण. टी-फोर नावाचा विषाणू जिवाणूंवर जगतो. आतून बाहेर पडताना जिवाणूची भिंत फोडायला तो लायसोझाइम नावाचं विकर वापरतो. या विकरात ७० व्या जागी ॲस्पार्टिक आम्ल आहे आणि घडी पडल्यावर ३१ व्या जागेवरचं हिस्टिडिन त्याच्याजवळ येतं. १९९० मध्ये ओरेगन विद्यापीठात या दोघांचे पीकेए मोजले गेले. घडीतल्या ॲस्पार्टिक आम्लाचा भरला ०.५ आणि हिस्टिडिनचा ९.१. घडी उलगडली की हेच आकडे साधारण ३.५ आणि ६.८ वर येतात.

हा फरक ऊर्जेत मांडता येतो, ही या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. २५ अंश सेल्सिअसला पीकेएतला एक अंकाचा फरक म्हणजे मोलला सुमारे १.४ किलोकॅलरी. ॲस्पार्टिक आम्लाकडून हिशोब केला तर तीन अंक, म्हणजे चार किलोकॅलरी. हिस्टिडिनकडून केला तर २.३ अंक, म्हणजे तीनच्या थोडं वर. एका मुलानं दोन्हींची बेरीज करून सात सांगितले. बेरीज करायची नाही. जोडी एकच आहे, आपण ती दोन्ही टोकांनी मोजतोय. म्हणून उत्तर तीन ते पाचच्या दरम्यान.

चार किलोकॅलरी म्हणजे किती, हे सांगितल्याशिवाय आकड्याला वजन येत नाही. साध्या प्रथिनाची अख्खी घडी उलगडायला मोलला पाच ते पंधरा किलोकॅलरी पुरतात. हजारो अणूंचं बांधकाम, आणि ते उभं आहे की पडलं यातलं अंतर एवढंच. त्यात एका आम्ल-आम्लारीच्या जोडीचा वाटा चार. ही जोडी तुटेल इतका सामू खाली नेला की विकर तेवढं डळमळीत होतं. वेगवेगळ्या सामूला प्रथिन किती तापमानापर्यंत टिकतं याचा आलेख काढतात, त्यातल्या चढउतारामागे अशाच जोड्या असतात.

उलटी बाजूही सांगितली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गार्सिया-मोरेनो यांच्या गटानं एका विकराच्या तेलकट पोटात मुद्दाम ग्लुटॅमिक आम्ल बसवलं. त्याचा पीकेए साडेआठच्या वर गेला. तक्त्यात ४.२, इथे साडेआठ! त्याच जागी लायसिन बसवलं तर ते १०.५ वरून सहाच्याही खाली घसरलं. आत कोंडलेल्या दोघांनाही भार नकोसा होतो. विकर हे सोसून उभं राहिलं ते ज्या मूळ विकरावर प्रयोग केला ते आधीच बळकट करून घेतलं होतं म्हणून.

२६ मार्च
सामूची मोजपट्टी कुठून आली, हे मुलांना सांगायचं राहिलं होतं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. बिअरवाले कार्ल्सबर्ग तेच. सोरेनसन तिथे विकरांवर काम करत होते आणि आम्लता थोडी हलली की विकराचं काम हलतं, हे मोजायला त्यांना सोपी रीत हवी होती. १९०९ मध्ये त्यांनी ती मांडली. म्हणजे सामू जन्मला तो प्रथिनांच्या गरजेतून. शाळेत तो लिंबाचा रस आणि साबणाच्या पाण्यातून शिकवतात, म्हणून हे नातं कुणाच्या लक्षात राहत नाही.

त्याच प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रॉम-लांग यांनी १९२४ मध्ये प्रथिनाचं पहिलं विद्युत-चित्र काढलं: एक गोळा आणि त्याच्या पृष्ठभागावर सगळीकडे सारखा माखलेला भार. चित्र ढोबळ होतं, पण पुढची तीस वर्षं त्यावर निघाली. १९५७ मध्ये टॅनफर्ड आणि कर्कवुड यांनी भार ठरावीक जागांवर बसवले, आणि तेव्हापासून शेजार हिशोबात आला.

२ एप्रिल
पारा चाळिशी ओलांडतोय. सकाळी तापवायला ठेवलेलं दूध नासलं. आई म्हणाली, "रात्री बाहेर राहिलं असेल." बरोबर आहे. ताज्या दुधाचा सामू ६.६ च्या आसपास असतो. जिवाणूंनी थोडं लॅक्टिक आम्ल केलं तरी थंड दूध वरवर धड दिसतं, तापवलं की फाटतं. केसिनच्या कणांवरचा ऋणभार त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतो, आणि आम्लता वाढली की तो भार विझत जातो. ४.६ ला धन आणि ऋण समसमान होतात नि केसिन पूर्ण खाली बसतं. निवळीतली प्रथिनं मात्र या सामूलाही विरघळलेलीच राहतात. चक्का बांधताना फडक्यातून गळून जातात ती हीच.

त्या निवळीत बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन आहे. १९५९ मध्ये टॅनफर्डना त्यात एक विचित्र कार्बॉक्सिल सापडला. सगळे कार्बॉक्सिल चार-पाचच्या सामूला प्रोटॉन सोडून मोकळे होत असताना हा एकटा सातच्या पुढे जाईपर्यंत सोडत नव्हता. त्यांनी अनुमान काढलं की तो घडीत पुरलेला असणार आणि सामू वाढल्यावर घडीच थोडी उघडत असणार. क्ष-किरणांनी रचना दिसली ती कित्येक वर्षांनी. ८९ व्या जागेवरचं ग्लुटॅमिक आम्ल, वर झाकणासारखा एक वळसा, आणि सामू सातच्या वर गेला की झाकण उघडं. ब्युरेट आणि सामूमापकावर केलेलं अनुमान असं तंतोतंत खरं ठरणं मला आजही थरारक वाटतं. आता यंत्रं वाढली आणि हातानं टायट्रेशन करणं मुलांना कमीपणाचं वाटतं.

दुधातल्या प्रथिनांचा विषय निघाला की कमला सोहोनी आठवतातच. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 'बाई' म्हणून आधी नकार मिळाला, तरी हटल्या नाहीत आणि तिथे दूध नि डाळींच्या प्रथिनांवर काम केलं. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. दुर्गाबाई मराठी घरांत ठाऊक आहेत, कमलाबाई तेवढ्या नाहीत.

९ एप्रिल
आज पेप्सिन. जठरातलं हे विकर सामू दोनला सुखात असतं आणि सातच्या पुढे कायमचं मोडतं. बाकीच्यांचं नेमकं उलट. कारण त्याच्या घडणीत आहे: ॲस्पार्टिक आणि ग्लुटॅमिक मिळून चाळिसांहून जास्त, आणि लायसिन, आर्जिनिन, हिस्टिडिन मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दोनच्या सामूला बहुतेक आम्लांकडे प्रोटॉन असतो, त्यामुळे ती भाररहित असतात आणि भांडण नसतं. सामू वर नेला की सगळी एकदम ऋणभारित होतात, एकमेकांना ढकलतात आणि घडी फाटते.

मग हे विकर जठराच्या पेशीत, सातच्या सामूला, तयारच कसं होतं? पेप्सिनोजेन म्हणून. पुढे ४४ अमिनो आम्लांचा जादा तुकडा असतो, लायसिनांनी भरलेला. त्याचा धनभार बाकीच्या ऋणभाराला बांधून ठेवतो. जठरात पोचल्यावर आम्लतेमुळे ही बांधणी सुटते, तुकडा कापला जातो आणि पेप्सिन कामाला लागतं. मुलांना हे सांगताना फळ्यावर काही लिहावं लागलं नाही.

१७ एप्रिल
डॉक्टरांनी आईचं इन्सुलिन बदललं. आता रात्री एकदाच ग्लार्जिन. पहिल्याच दिवशी तिची तक्रार: "हे झोंबतं गं. आधीचं असं झोंबत नव्हतं." मी कुपी उजेडात धरून पाहिली. पाण्यासारखी स्वच्छ. आधीचं गढूळ असायचं, तळहातांत घोळवून घ्यावं लागायचं.

झोंबण्याचं कारण आहे. या कुपीतलं पाणी आंबट आहे, सामू साधारण चार. आणि तसं असणं हाच या औषधाचा गाभा आहे. मानवी इन्सुलिन साधारण ५.४ च्या सामूला भाररहित होतं आणि तिथेच सर्वांत कमी विरघळतं. ग्लार्जिनमध्ये ब साखळीच्या शेपटीला दोन आर्जिनिन जोडलेली आहेत. दोन धनभार वाढले, आणि न विरघळण्याचा तो बिंदू ६.७ च्या आसपास सरकला. चारच्या सामूला, कुपीत, ते छान विरघळतं. त्वचेखाली सामू ७.४. तिथे गेलं की त्याचे बारीक कण बनून बसतात आणि ते दिवसभर हळूहळू विरघळत राहतात. दिवसभर पुरण्याची सगळी किमया ही एवढीच.

हीच युक्ती कोपनहेगनच्या हागेडोर्न यांनी १९३६ मध्ये बाहेरून केली होती. माशाच्या शुक्रपेशींतलं प्रोटॅमिन आर्जिनिननं गच्च भरलेलं असतं. ते इन्सुलिनमध्ये मिसळलं की धन-ऋण जुळून साका बसतो आणि असर लांबतो. आईच्या जुन्या कुपीतला गढूळपणा त्याच वंशातला. ग्लार्जिननं धनभार बाहेरून न आणता थेट साखळीत शिवला, २००० साली.

१८ एप्रिल
कालचं अर्धं राहिलं. कुपी आंबट ठेवायची तर इन्सुलिनच्या एका जुन्या दुखण्याचा बंदोबस्त करावा लागतो. अ साखळीच्या शेवटी, २१ व्या जागी, ॲस्पॅराजिन असतं. आम्लात ते हळूहळू अमोनिया गमावून ॲस्पार्टिक आम्ल होतं, आणि त्याला मदत करतो साखळीच्या टोकाचा, शेजारचाच कार्बॉक्सिल. इन्सुलिनची पहिली कित्येक दशकं इंजेक्शनं आंबटच असत, आणि ती शेल्फवर पडून राहिली की हेच व्हायचं. म्हणून ग्लार्जिनमध्ये तिथे ग्लायसिन बसवलं आहे. गमवायला काही उरलंच नाही.

आम्लतेशी इन्सुलिनचं नातं मुळापासूनचं आहे. १९२२ च्या जानेवारीत टोरंटोत लेनर्ड थॉम्पसन या मुलाला पहिला अर्क टोचला, तेव्हा तो इतका अशुद्ध होता की काम थांबवावं लागलं आणि तिथल्याच गटातल्या कॉलिपनी शुद्ध केलेला अर्क काही दिवसांनी आला. पण मोठ्या प्रमाणावर शुद्ध इन्सुलिन निघायला लागलं ते त्याच वर्षाच्या अखेरीस, इंडियानापोलिसच्या लिली कंपनीतल्या जॉर्ज वॉल्डन यांच्यामुळे. अर्काचा सामू इन्सुलिनच्या त्या भाररहित बिंदूवर आणायचा: इन्सुलिन खाली बसतं, कचरा वर राहतो. इन्सुलिनच्या शोधाचं नोबेल टोरंटोच्या बँटिंग आणि मॅक्लाउडना मिळालं. वॉल्डनचं नाव पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

२४ एप्रिल
नंदुरबारच्या बाजूचा एक विद्यार्थी तास संपल्यावर थांबला. त्याच्या पाड्यावर सिकलसेलचे रुग्ण आहेत. "मॅडम, त्यातही ग्लुटॅमिक आम्लच जातं ना? म्हणजे हिमोग्लोबिनची स्थिरता जाते?"

अर्धं बरोबर. बीटा साखळीत सहाव्या जागेवरचं ग्लुटॅमिक आम्ल जाऊन व्हॅलिन येतं. भार बदलल्यामुळेच १९४९ मध्ये पॉलिंग यांच्या गटाला विद्युतक्षेत्रात ते वेगळं सरकताना दिसलं, आणि नेमका कोणता बदल ते इनग्रॅमनी काही वर्षांनी दाखवलं. पण रोगाचं कारण घडी मोडणं नव्हे. घडी धड असते. ऑक्सिजन सोडल्यावर हे तेलकट व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत बसतं आणि रेणूंचे दोर वळले जातात. पुरावा हवा तर त्याच सहाव्या जागी लायसिन आलेलं हिमोग्लोबिन सी पाहा. भार त्याचा जास्त बदलला, तरी असे दोर वळले जात नाहीत. स्थिरता वेगळी, विद्राव्यता वेगळी. दोन्ही भारावर चालतात म्हणून गल्लत होते, आणि छापील पुस्तकांतही ती दिसते.

३ मे
सुट्टी लागली. इन्सुलिनची रचना पुन्हा संगणकावर फिरवून पाहत बसले.

स्वादुपिंडात इन्सुलिन सहा-सहाच्या जुडीत साठतं. मध्ये जस्ताचे दोन अणू, प्रत्येकाला तीन हिस्टिडिननी धरलेलं. हे सगळे सांगतात. मला नेहमी खटकतं ते जुडीच्या अगदी मध्यभागी जे आहे ते: ब साखळीतल्या १३ व्या जागेवरची सहा ग्लुटॅमिक आम्लं, एकमेकांसमोर. सहा ऋणभार एका पोकळीत! बांधकाम म्हणून पाहिलं तर शुद्ध चूक. आणि ती चूक आहे याचा पुरावाही मिळाला आहे. त्या जागी भाररहित ग्लुटामिन बसवलं की जस्त नसतानाही जुडी बनते.

मग उत्क्रांतीनं ही सहा आम्लं तिथे ठेवलीच का? मला उत्तर साठवणीच्या जागेत दिसतं. ज्या पुटिकेत इन्सुलिन साठतं तिचा सामू साडेपाचच्या आसपास. तिथे या कोंडलेल्या आम्लांकडे प्रोटॉन बऱ्यापैकी टिकतो, भांडण मंद राहतं, जुडी टिकते. रक्तात सोडल्यावर सामू ७.४, जस्त पातळ होऊन निघून जातं, सहाही आम्लं ऋणभारित होतात आणि जुडी फुटते. काम करतो तो सुटा रेणू. जुडी जास्त पक्की असती तर साखर वाढून गेल्यावर इन्सुलिन पोचलं असतं. ही चूक नाही, कमकुवतपणा मुद्दाम ठेवलेला आहे.

औषधवाल्यांनी नेमकं हेच पुढे वापरलं. जेवणाआधी घ्यायच्या ॲस्पार्ट इन्सुलिनमध्ये ब साखळीत २८ व्या जागेवरचं प्रोलिन काढून ॲस्पार्टिक आम्ल घातलं आहे. एक ऋणभार वाढवला, रेणू एकमेकांना चिकटेनासे झाले, इन्सुलिन लवकर रक्तात. एका बाजूला दोन आर्जिनिन घालून दिवसभर पुरणारं, दुसऱ्या बाजूला एक आम्ल घालून मिनिटांत लागू होणारं. रेणू एकच, ५१ अमिनो आम्लांचा.

६ मे
स्थिरता वाढवली की भलंच होतं, हा समज मुलांत पक्का असतो आणि प्रथिन-अभियांत्रिकीचे जाहिरातवजा लेख तो आणखी पक्का करतात. त्यावर उतारा म्हणून पुढच्या वर्षी एक्स-टेन सांगायचं ठरवलं.

नोव्हो या औषध कंपनीनं केलेलं हे इन्सुलिन. ब साखळीत दहाव्या जागी, जिथे जस्त धरणारं हिस्टिडिन असतं, तिथे ॲस्पार्टिक आम्ल. जस्त धरता येत नाही, म्हणून जुडी नाही. आणि मळसूत्राच्या सुरुवातीला ऋणभार आल्यामुळे सुट्या रेणूची घडी मूळच्याहून पक्की. लवकर लागू होणारं, टिकाऊ, शिवाय रिसेप्टरला जास्त घट्ट चिकटणारं. कागदावर याहून चांगलं इन्सुलिन नव्हतं. चाचणीत उंदीर-माद्यांना स्तनाच्या गाठी झाल्या आणि काम थांबवावं लागलं. ते रिसेप्टरवरून सुटायला फार वेळ लावत होतं आणि वाढीच्या दुसऱ्या रिसेप्टरलाही चिकटत होतं. एका आम्लाच्या बदलानं घडी, जुडी आणि पकड अशा तीन गोष्टी एकदम हलल्या. त्यातली फक्त घडी मोजणाऱ्याला हे इन्सुलिन उत्तम वाटलं असतं.

११ मे
दुपारी चव्वेचाळीस अंश. वीज गेली ती संध्याकाळी आली. जळगावात मे महिन्यात हे नवीन नाही. आईची चालू कुपी प्लास्टिकच्या डबीत घालून ओल्या माठात ठेवली होती. कोरड्या हवेत माठ चांगला गार राहतो. न उघडलेल्या कुप्या फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून लांब, कारण गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वापरता येत नाही.

शेजारच्या काकू आल्या. त्यांनाही आता ग्लार्जिन लिहून दिलंय, शिवाय जेवणाआधीचं वेगळं. म्हणाल्या, "आधी दोन कुप्यांतलं एकाच सिरिंजमध्ये ओढायचे मी. तसंच करू ना? एक टोचणं वाचेल." जुन्या गढूळ नि साध्या इन्सुलिनला ते चालायचं, सवय तिथूनच आलेली. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यांना सांगितलं: एक कुपी चारच्या सामूची, दुसरी सातच्या पुढची. सिरिंजमध्ये भेटली की ग्लार्जिनचा साका शरीरात बसायच्या ऐवजी तिथेच बसणार, आणि जेवणाआधीचंही वेळेवर लागू होणार नाही. काकूंना दोन आर्जिनिनमध्ये रस नव्हता, पण साका म्हटल्यावर पटलं.

ज्यांच्या घरी हे औषध आहे त्यांनी एवढं पाळावं. ग्लार्जिन दुसऱ्या कुठल्याही इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये भरू नये. कुपी गढूळ दिसली तर टाकून द्यावी. उघडलेली कुपी ३० अंशांच्या आत ठेवावी आणि २८ दिवसांनी, आत औषध उरलं असलं तरी, बदलावी. मात्रेविषयी शंका असेल तर शेजाऱ्यांना नव्हे, डॉक्टरांना विचारावं.